शंका-समाधान : खलनायकाबद्दल हळहळ का वाटते?

‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’ या अमेरिकी कार्टून मालिकेतल्या मिस्टर फ्रीझबद्दल बऱ्याच वाचकांनी विचारलं आहे. सर्वांच्या पत्रांचा रोख एकच आहे: हा माणूस चोऱ्या करतो, माणसं गोठवतो, तरी त्याच्यासाठी जीव का तुटतो आणि तो तुटणं बरोबर आहे का? निवडक पत्रांना इथे उत्तरं देतो.

ज्यांनी ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. व्हिक्टर फ्राइज हा गॉथकॉर्प कंपनीतला शास्त्रज्ञ. पत्नी नोरा असाध्य आजाराने मृत्यूच्या दारात उभी. उपाय सापडेपर्यंत तिला गोठवून जिवंत ठेवावं म्हणून तो कंपनीच्या यंत्रांवर प्रयोग करतो. पैसा वाया जातोय म्हणून कंपनीचा प्रमुख फेरिस बॉयल रक्षकांना घेऊन येतो आणि यंत्र बंद करायला लावतो. व्हिक्टर विरोध करतो तेव्हा बॉयल त्याला लाथेने रसायनांवर ढकलतो. व्हिक्टर वाचतो, पण त्याचं शरीर आता शून्याखालच्या थंडीतच तग धरू शकतं. नोरा गेली अशी त्याची समजूत होते. थंडी राखणारा पोशाख चढवून आणि गोठवणारी बंदूक घेऊन तो सूड घ्यायला निघतो.

प्रश्न : मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. जुन्या कॉमिक्समध्ये हे पात्र अगदीच पोरकट वाटतं. तेच पात्र इथे डोळ्यांत पाणी कसं आणतं? – पुणे

उत्तर : तुझं निरीक्षण बरोबर आहे. हे पात्र 1959 मध्ये ‘बॅटमॅन’ कॉमिकच्या 121व्या अंकात ‘मिस्टर झिरो’ या नावाने आलं. थंडीची बंदूक बाळगणारा एक चोर, यापलीकडे त्याची ओळख नव्हती. 1966 च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला ‘मिस्टर फ्रीझ’ केलं आणि तीन वेगवेगळ्या नटांनी तो साकारला, पण त्याचा बाज गमतीचाच राहिला. 7 सप्टेंबर 1992 रोजी ‘हार्ट ऑफ आइस’ प्रसारित झाला आणि सगळं पालटलं. लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक ब्रूस टिम. या लेखनासाठी डिनींना डेटाइम एमी पुरस्कार मिळाला आणि पुढे कॉमिक्सनीही हाच पूर्वेतिहास स्वीकारला.

हा बदल नुसत्या दुःखद कथेने घडलेला नाही. तो मांडणीतून घडला आहे, म्हणून तुझ्यासारख्याने ती मांडणीच नीट अभ्यासावी.

पहिली गोष्ट, क्रम. भागाची सुरुवात दरोड्याने होत नाही. काचेच्या गोळ्यात फिरणारी नर्तकीची बाहुली आणि तिच्याशी बोलणारा एकटा माणूस आपल्याला आधी दिसतो. गुन्हा दिसण्यापूर्वी आपण त्याच्या पोकळीत शिरलेले असतो.

दुसरी गोष्ट, पुरावा. व्हिक्टरवर काय अन्याय झाला हे तो स्वतः रडून सांगत नाही. प्रयोगाच्या चित्रफितीत ते टिपलं गेलंय आणि ती चित्रफीत बॅटमॅनसोबत आपण पाहतो. स्वतःचं दुःख स्वतःच उगाळणाऱ्या माणसाबद्दल आपण सावध असतो. इथे तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभाच राहत नाही, म्हणून आपला विश्वास बसतो.

तिसरी गोष्ट, संयम. माइक मिन्योला यांनी केलेल्या नव्या रेखाटनात लाल चष्म्यामागे त्याचे डोळे झाकलेले आहेत. मायकेल अन्सारा यांनी त्याला दिलेला आवाज सपाट, जवळपास यंत्रासारखा आहे. चेहरा आणि आवाज या दोन्ही वाटा बंद झाल्या की भावना प्रेक्षकाला स्वतः भरावी लागते, आणि स्वतः भरलेली भावना खोल उतरते.

चित्रपट-अभ्यासक मरे स्मिथ यांनी 1995 च्या ‘एंगेजिंग कॅरेक्टर्स’ या ग्रंथात प्रेक्षक आणि पात्र यांच्या नात्याच्या तीन पातळ्या सांगितल्या आहेत. आधी पात्र माणूस म्हणून ओळखू येतं. मग कथा आपल्याला त्याच्या सोबत चालवते, त्याला जे दिसतं आणि वाटतं ते आपल्यापर्यंत पोचवते. शेवटी आपण त्याला नैतिकदृष्ट्या तोलतो आणि त्याच्या बाजूने उभं राहायचं की नाही ते ठरवतो. दुसरी पातळी गाठली म्हणजे तिसरी आपोआप येते असं नाही. फ्रीझच्या बाबतीत आपण दुसऱ्या पातळीवर पूर्ण पोचतो आणि तिसरीच्या उंबरठ्यावर अडखळतो. ही अडखळ लेखकाने जाणूनबुजून घडवलेली आहे.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा हा भाग पाहून रडला. “बॅटमॅन वाईट आहे, त्याने फ्रीझला पकडलं,” म्हणतो. वाईट माणसाचं त्याला बरं वाटू लागेल का, अशी भीती वाटते. – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, भीती बाळगू नका. तुमचा मुलगा वाढतो आहे, त्याची ही खूण आहे.

मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक विचारावर 1932 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाकडून दार उघडताना नकळत 15 कप फुटले. दुसऱ्याने आईची नजर चुकवून मुरंबा काढायचा प्रयत्न केला आणि त्याच्याकडून एक कप फुटला. जास्त चूक कोणाची? लहान मुलं बहुतेक वेळा 15 कप फोडणाऱ्याकडे बोट दाखवत, कारण नुकसान मोठं. वय वाढलं की मुलं हेतूकडे पाहू लागत. नंतरच्या संशोधकांनी वयाच्या या मर्यादा बऱ्याच सैल केल्या, कारण हेतू स्पष्ट करून सांगितला तर लहान मुलांनाही तो समजतो. पण नुकसानीकडून हेतूकडे जाण्याचा प्रवास खरा आहे.

तुमचा मुलगा त्याच वाटेवर आहे. ‘याने काय केलं’ यापुढे जाऊन ‘याने असं का केलं’ हे त्याला दिसलं. आता आणखी एक पायरी चढायची आहे: कारण कळल्यावरही झालेलं नुकसान नुकसानच राहतं. ही पायरी उपदेशाने चढत नाही, प्रश्नांनी चढते. भाग पुन्हा एकत्र पाहा. सुरुवातीच्या दरोड्यात फ्रीझच्या स्वतःच्याच साथीदाराचे पाय त्याच्या बंदुकीने गोठतात. फ्रीझ त्याला तसाच टाकून निघून जातो. बॅटमॅन त्या गुंडाला आपल्या गुहेत नेऊन उपचार करतो. तिथे थांबून मुलाला विचारा, “या माणसाच्या घरीही कोणी वाट बघत असेल का रे?” मग गप्प बसा आणि त्याला बोलू द्या. तो फ्रीझसाठी रडला याबद्दल मात्र रागावू नका. “रडू नकोस, तो वाईट आहे,” असं म्हटलं तर मूल एवढंच शिकतं की वाईट ठरलेल्या माणसाचं दुःख खरं नसतं. हा धडा मोठेपणी फार महागात पडतो.

प्रश्न : मी न्यायालयात नोकरी करून निवृत्त झालो. माझ्या मते खरा गुन्हेगार बॉयल आहे. बॅटमॅनला सगळं माहीत असूनही तो फ्रीझलाच अडवतो. म्हणजे तो पैसेवाल्यांची बाजू घेतो असं नाही का होत? – सातारा

उत्तर : बॉयल गुन्हेगार आहे याबद्दल कथेलाही शंका नाही. ज्या रात्री फ्रीझ हल्ला करतो, त्याच रात्री बॉयलचा मानवसेवेबद्दल गौरव होतो आहे. लेखकाने याहून उघड बोट दाखवायला नको.

पण बॅटमॅन काय काय करतो ते क्रमाने पाहिलं, तर तुमच्या शंकेचं उत्तर मिळतं. चित्रफीत पाहून तो हादरतो. पकडला गेल्यावर फ्रीझसमोर तो सहानुभूती बोलून दाखवतो. तरीही, गॉथकॉर्पची अख्खी इमारत गोठवायचा बेत कळल्यावर तो फ्रीझला अडवतो, कारण आत असलेल्या इतर माणसांचा बॉयलच्या पापाशी काही संबंध नाही. फ्रीझला त्यांची पर्वा नसते. आणि लढाई संपल्यावर बॅटमॅन ती चित्रफीत वार्ताहर समर ग्लीसनच्या हाती देतो. कंबरेपर्यंत गोठलेल्या बॉयलचा मुखवटा तिथेच, सर्वांसमोर गळून पडतो.

म्हणजे फ्रीझला जे हवं होतं त्यातला न्यायाचा भाग बॅटमॅन पूर्ण करतो आणि सूडाचा भाग रोखतो. आपण आयुष्यभर न्यायालय जवळून पाहिलंत. आरोपीची परिस्थिती लक्षात घेणं आणि त्याला निर्दोष ठरवणं यांतलं अंतर आपल्याला मी सांगायला नको. परिस्थितीचा विचार शिक्षेच्या वेळी होतो, तिने गुन्हा पुसला जात नाही. या भागात बॅटमॅन नेमका तोच मार्ग धरतो. मालिका हळहळीला मोकळी वाट देते आणि निवाडाही टाळत नाही. या 22 मिनिटांच्या कार्टूनचा मोठेपणा माझ्या मते इथेच आहे.

प्रश्न : खलनायकाची कणव हे पाश्चात्त्यांचं नवं खूळ आहे, असं एक सहकारी म्हणतात. मी मराठी शिकवते. मला कर्ण आठवला. ही तुलना योग्य आहे का? – कोल्हापूर

उत्तर : आपली आठवण योग्य दिशेची आहे, आणि सहकाऱ्यांचं म्हणणं इतिहासाला धरून नाही. कर्णाच्याही आधी मी दुर्योधनाकडे जाईन. भासाच्या ‘ऊरुभंग’ या संस्कृत एकांकिकेत मांड्या फुटलेला दुर्योधन जमिनीवर पडला आहे. त्याचा लहानगा मुलगा दुर्जय नेहमीसारखा मांडीवर बसायला येतो आणि बापाला त्याला नको म्हणावं लागतं. द्रौपदीला मांडी दाखवणाऱ्या माणसाची मांडी आता स्वतःच्या मुलालाही उपयोगाची राहिलेली नाही. त्याला झालेली शिक्षा न्याय्य आहे हे ठाऊक असतानाही प्रेक्षक कळवळतो. हे नाटक शेकडो वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा नवं खूळ म्हणण्यात काही अर्थ नाही.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 मध्ये आली. तिने मराठी वाचकाच्या मनात कर्णाला जे स्थान दिलं त्यात रचनेचा वाटा मोठा आहे. कर्ण स्वतः बोलतो, आणि कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन, कृष्णही बोलतात. आधी सांगितलेली ‘सोबत चालणं’ ही पातळी तिथे पूर्ण ताकदीने वापरली आहे.

तुलनेत एक फरक मात्र विद्यार्थ्यांना जरूर दाखवा. कर्णावरचा अन्याय जन्मापासूनचा, समाजाने केलेला आणि पुन्हापुन्हा होणारा आहे. त्याच्याजवळ मैत्री आहे, दानशूरपणा आहे, दिलेल्या शब्दाची निष्ठा आहे. म्हणून त्याच्या चुकांचं ओझं आपण त्याच्या गुणांसोबत तोलतो. फ्रीझचा आघात एका रात्रीचा, आणि त्या रात्रीनंतर त्याचं सगळं जग एका व्यक्तीपुरतं आक्रसलेलं. कर्णाच्या शोकांतिकेत चांगला माणूस चुकीच्या बाजूला अडकतो. फ्रीझच्या शोकांतिकेत प्रेमच इतकं एकाग्र होतं की बाकीची माणसं दिसेनाशी होतात. दोघांबद्दलची करुणा खरी, पण तिची कारणं वेगळी. वर्गात हा भेद उलगडला तर चांगला तास होईल.

प्रश्न : सगळे व्हिक्टरसाठी रडतात. नोराचं काय? तिला कोणी विचारलं होतं का? – एक वाचक, पणजी

उत्तर : आलेल्या पत्रांतलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं पत्र हे. ‘हार्ट ऑफ आइस’मध्ये नोरा बोलत नाही. ती कारण आहे, आठवण आहे, काचेतली बाहुली आहे. तिला काय हवं होतं हे आपल्याला कळतच नाही.

हा दोष एका भागापुरता नाही. 1999 मध्ये गेल सिमोन यांनी सुपरहिरो कॉमिक्समधल्या अशा स्त्री पात्रांची एक यादीच मांडली, ज्यांना पुरुष पात्राच्या कथेला धार यावी एवढ्यासाठी मारलं किंवा छळलं गेलं. यादीचं नाव त्यांनी 1994 च्या ‘ग्रीन लँटर्न’ कॉमिकमधल्या एका प्रसंगावरून घेतलं, ज्यात नायकाच्या प्रेयसीचा मृतदेह फ्रिजमध्ये सापडतो. नोरा तर अक्षरशः गोठवलेली आहे. प्रेमाची कथा म्हणून आपण जी पाहतो तिच्यातली अर्धी बाजू मुकी आहे, हे मान्य केलंच पाहिजे.

पुढच्या लेखकांनी हा प्रश्न काही प्रमाणात हाती घेतला. 1994 च्या ‘डीप फ्रीझ’ या भागात नोरा जिवंत असल्याचं कळतं आणि एका धनाढ्याच्या साथीने फ्रीझ अख्ख्या शहराच्या मुळावर उठतो. तिथे त्याला थांबवतो तो एकच विचार: जागी झाल्यावर नोरा हे पाहून काय म्हणेल? पहिल्यांदाच ती त्याच्या सूडाचं कारण न राहता त्याच्या सदसद्विवेकाची कसोटी होते. 1998 च्या ‘सबझीरो’ चित्रपटात तिला वाचवण्यासाठी तो बार्बरा गॉर्डनला पळवून नेतो आणि अवयवासाठी तिचा जीव घ्यायला तयार होतो. एका स्त्रीवरच्या प्रेमापायी दुसऱ्या स्त्रीला केवळ साधन मानणारा हा माणूस पाहताना आपली हळहळ थरकते, आणि थरकायलाच हवी.

2012 मध्ये कॉमिक्सनी एक धाडसी बदल केला. त्या कथेत नोरा त्याची पत्नीच नाही, तर फार पूर्वी गोठवलेली एक अनोळखी स्त्री आहे आणि व्हिक्टरने तिच्याभोवती नातं कल्पून घेतलं आहे. बऱ्याच चाहत्यांना ते रुचलं नाही, आणि पात्राची करुणा त्यात हरवते हे मलाही पटतं. पण त्या बदलाने जो प्रश्न पुढे आणला तो तुमचाच आहे: जी बोलू शकत नाही तिच्या वतीने केलेल्या प्रेमाला किती अधिकार आहेत? फ्रीझसाठी जरूर हळहळा, पण त्या हळहळीत नोरासाठीही जागा ठेवा.

प्रश्न : आता प्रत्येक खलनायकाला दुःखी बालपण असतं. याचा कंटाळा आलाय. दुःख दाखवलं की सगळं माफ, असं चाललंय. – ठाणे

उत्तर : तक्रार रास्त आहे, पण दोष दुःखद भूतकाळाचा नाही, त्याच्या आळशी वापराचा आहे. याच मालिकेतला, डिनी यांनीच लिहिलेला ‘मॅड अ‍ॅज अ हॅटर’ पाहा. जर्विस टेच हा बुजरा, एकाकी शास्त्रज्ञ. कार्यालयातल्या अ‍ॅलिसवर त्याचं प्रेम आहे आणि तिचं मन दुसऱ्यावर. सुरुवातीला आपण त्याच्या बाजूने असतो. मग मेंदूवर ताबा मिळवणाऱ्या यंत्राने तो माणसांना कळसूत्री बाहुल्या बनवू लागतो आणि शेवटी अ‍ॅलिसलाही. त्याच्या प्रत्येक कृतीबरोबर आपली सहानुभूती थोडी थोडी ओसरत जाते. एकाकीपणा खरा असूनही त्याने केलेलं क्षम्य ठरत नाही, हे कथा कृतीतून दाखवते.

मी लेखकांना तीन प्रश्न विचारतो. दुःख आणि गुन्हा यांचा धागा जुळतो का, की दुःख नुसतं वरून चिकटवलं आहे? ज्यांना या माणसाने दुखावलं त्यांना कथेत चेहरा आहे का? आणि दुःख कळल्यानंतर कथेत काही बदलतं का, की ते फक्त आपल्याला हळवं करायला आणलं आहे? फ्रीझच्या कथेत थंडी हाच आजारावरचा उपाय, तीच शिक्षा आणि तेच शस्त्र. धागा एक आहे. गोठलेल्या साथीदाराला चेहरा आहे. आणि चित्रफीत पाहून बॅटमॅनचं वागणं बदलतं. जिथे ही तीन उत्तरं मिळत नाहीत तिथे दुःखद भूतकाळ न देणंच बरं. जोकरसाठी या मालिकेने सहसा आपली दया मागितलेली नाही, आणि त्याने तो कमी परिणामकारक झालेला नाही.

प्रश्न : अशा माणसाला सुधारण्याची संधी मिळावी का? – एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : 1999 च्या ‘बॅटमॅन बियाँड’मधला ‘मेल्टडाउन’ हा भाग तुझ्याच प्रश्नावर आहे, तो जरूर पाहा. कित्येक दशकांनंतर फ्रीझला नवं शरीर मिळतं. आपल्या हातून घडलेल्या नुकसानीची भरपाई करण्यासाठी तो नोराच्या नावाने संस्था काढतो. म्हातारा झालेला मूळ बॅटमॅन, ब्रूस वेन, त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. नवा, तरुण बॅटमॅन टेरी मॅकगिनिस ठेवतो. मग नवं शरीर ढासळू लागतं, ज्यांनी ते दिलं तेच त्याच्या जिवावर उठतात आणि फ्रीझ पुन्हा सूडाकडे वळतो.

वरवर पाहता ब्रूस बरोबर ठरला असं वाटेल. मला तसं वाटत नाही. फ्रीझ पुन्हा घसरला तो विश्वास मिळाल्यामुळे नव्हे, तर ज्यांनी विश्वासाचं सोंग घेतलं त्यांनी त्याला पुन्हा एकदा वस्तू म्हणून वापरल्यामुळे. बॉयलने जे केलं होतं त्याचीच ही पुनरावृत्ती होती. आणि टेरीने त्याच्यावर विश्वास ठेवला म्हणून त्याला लढाईत सूट दिली नाही. तो त्याच्याशी लढला आणि शेवटी त्याला वाचवायलाही धावला.

तेव्हा माझं उत्तर असं: संधी मिळावी, डोळे उघडे ठेवून मिळावी, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांचं देणं आधी चुकतं व्हावं. ज्याच्याबद्दल आपल्याला हळहळ वाटते त्याच्याकडून आपण जास्त अपेक्षा ठेवायला हव्यात, कमी नव्हे. त्याला माणूस मानल्यावर त्याच्या कृत्यांचा जाबही माणूस म्हणूनच विचारता येतो. पडद्यावरच्या खलनायकाबाबत हा सराव झाला, तर वर्गात, घरात, गल्लीत ज्यांच्यावर आपण झटकन ‘वाईट’ असा शिक्का मारतो त्यांच्याशी वागतानाही तो कामी येईल. तुझ्या मित्रमैत्रिणींसोबत ‘हार्ट ऑफ आइस’ आणि ‘मेल्टडाउन’ हे दोन्ही भाग पाठोपाठ पाहा, वाद घाला, आणि तुमचं मत काय झालं ते मला कळव.